तिरपा कागद

सौंसरला बस स्टँडवरून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला वामन सोमकुवर यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. स्टुडिओ बंद करताना वामनभाऊंनी पडदे, दिवे, फिरती खुर्ची, सगळं ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. मोठे फोटो छापायची मशीन तेवढी घरी आणली आणि समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर मांडली. लोक विचारायचे, काहून बंद केलं? ते सांगायचे, "आता सारेच फोटोग्राफर झाले न जी. मोबाइल हाय सर्व्यायजवळ." ऐकणाऱ्याला ते पटायचं.

घरात दोघंच. शोभाबाई अंगणवाडीत होत्या. सकाळी स्वयंपाक करून जायच्या, दुपार कलली की यायच्या. मुलगी प्रज्ञा नागपूरला नोकरीला. कोणाच्या वडिलांचा जुना फोटो मोठा करून दे, कोणाच्या लग्नातला एखादा छापून दे, असं काहीबाही काम वामनभाऊंकडे यायचं. पुढे तेही कमी झालं.

हिवाळा सरत आला असताना जवळच्या रामाकोना गावचे शालिकराम गुरुजी घरी आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते गावच्या विहाराचं काम पाहत.

"जय भीम, वामनभाऊ. नवा विहार होऊन राहिला आमचा. बुद्धपौर्णिमेले उद्घाटन हाय," ते म्हणाले. "जुना विहार बांधला तवा तुमी बायांचे फोटो काढले होते. याद हाय?"

याद कशी नसेल! तेव्हा वामनभाऊंनी नुकताच पहिला कॅमेरा घेतला होता. रामाकोन्याच्या बाया दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायच्या आणि संध्याकाळी भट्टीवरून विटा डोक्यावर वाहून आणायच्या. भिंत त्या विटांनीच वर गेली. ओझं खाली ठेवून बाई सरळ झाली की तेवढ्यात वामनभाऊ फोटो काढायचे. कोणाच्या कपाळावर चुंबळीची खूण, कोणाच्या भुवया विटांच्या भुकटीनं लाल. त्यानंतर हजारो लग्नं टिपली, पण आपण काही केलं असं त्यांना वाटायचं ते याच फोटोंबद्दल.

"त्यातली आता लीलाबाई तेवढी उरली," गुरुजी म्हणाले. "बाकी साऱ्या गेल्या. त्यायचे मोठे फोटो भिंतीवर लावू म्हणतो. आताच्या पोरायले समजलं पाहिजे का हा विहार कोणाच्या डोक्यावरून आला. नागपूरच्या लॅबमंदी देऊ काय छापाले?"

"लॅबले काहून?" वामनभाऊ म्हणाले. "मी छापतो न. माह्या घरी मशीन हाय."

त्यांनी निगेटिव्ह शोधून काढल्या, पुसल्या, कॉम्प्युटरवर घेतल्या. एकेक चेहरा पडद्यावर उघडून ते तासन् तास त्यावरचे ओरखडे आणि डाग काढत बसायचे. चेहऱ्यांवरच्या विटांच्या भुकटीला मात्र हात लावला नाही. नागपूरहून त्यांनी कापसाचा जाड कागद मागवला. असला कागद पिवळा पडत नाही, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकतो, असं ते शोभाबाईंना दोनदा सांगून गेले. शोभाबाईंनी त्यांना एवढं बोलताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं.

उन्हाळा लागला आणि छपाई सुरू झाली.

हा जाड कागद मशीनच्या खालच्या ट्रेमधून जात नाही. मागच्या बाजूला एक फट असते, तिच्यातून एकेक कागद हातानं सोडावा लागतो. दोन्ही कडा पट्टीला लावायच्या आणि आतले रबरी रोलर पकडेपर्यंत कागद तसाच निश्चल धरून ठेवायचा. वर सूतभर तिरपा गेला, तर खाली येईतो बोटभर तिरपा होतो. मग मशीन थांबते, लाल दिवा लागतो, आणि कागद ओढून काढावा लागतो.

पहिला कागद तिरपा गेला. दुसराही गेला.

वामनभाऊंना आधी वाटलं, कागदच वाकला आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याच्या कडा वर उचलल्या होत्या, आणि मशीनचं शाई सोडणारं डोकं त्या कडेला घासून काळा पट्टा ओढत होतं. त्यांनी सगळे कागद गादीखाली दाबून ठेवले आणि दोन रात्री त्यावर झोपले. कडा बसल्या, काळा पट्टाही गेला, पण कागद तिरपा जायचा थांबला नाही. मग कूलरवर संशय आला. कूलरच्या ओल्या हवेनं कागद फुगतो, ही गोष्ट खरीच होती. त्यांनी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या. सौंसरच्या त्या उन्हाळ्यात खोलीची भट्टी झाली.

शोभाबाई अंगणवाडीतून आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, जीव घेता काय आपला? कूलर तरी लावा."

"कागद फुगते."

"अन तुमी?"

"मी नाही फुगत," ते म्हणाले. शोभाबाई हसल्या. त्या उन्हाळ्यात दोघं एकत्र हसले ते तेवढंच.

मग रोलर. कापसाच्या कागदाची बारीक भुकटी रबरावर बसते आणि रबर घसरतं. वामनभाऊंनी ओलसर कापडानं रोलर फिरवून फिरवून पुसले. जाड कागदाचा खटका वर-खाली करून पाहिला. टेबलाचा एक पाय आखूड वाटला म्हणून त्याखाली पुठ्ठा घातला. प्रत्येक उपायानंतर वाटायचं, सापडलं. एखादा कागद सरळ जायचाही. त्यातून सखूबाई निघाली, गिरजाबाई निघाली, आणि ते ओले फोटो दोरीवर पाहून ते खूश होऊन जायचे. पुढचा कागद पुन्हा तिरपा जायचा. नागपूरहून त्यांनी कागदाचा दुसरा गठ्ठा आणवला.

"तू झाडू मारून राहिली का धूळ उडते," ते शोभाबाईंवर खेकसले. "मशीन चालू असली का इकडं येऊ नको."

शोभाबाईंनी झाडू कोपऱ्यात ठेवला. त्या दिवसापासून खोली झाडली गेली नाही.

शेवटी त्यांनी नागपूरहून मेकॅनिकला बोलावलं. अंकुर नावाचा तिशीतला माणूस, शांत स्वभावाचा. तो रविवारी सकाळच्या बसनं आला; सुट्टी म्हणून शोभाबाईही घरीच होत्या. त्यानं मशीन उघडली, रोलर बोटानं फिरवून पाहिले, आत टॉर्च मारला, पुन्हा बंद केली. मग एक साधा जाड कागद घेतला आणि मागच्या फटीत सोडला. कागद सरळ गेला. त्यानं दुसरा सोडला. तोही सरळ. मग वामनभाऊंच्या गठ्ठ्यातला कापसाचा कागद घेतला. तोही पाण्यासारखा सरळ खाली उतरला.

"काका, मशीन एकदम ठीक आहे," अंकुर म्हणाला. "रोलर नव्यासारखे आहेत. तुम्ही चांगली ठेवली."

"असं कसं? माह्या हातून तर एकबी सरळ जाऊन नाही राहिला."

"तुम्ही लावून दाखवा बरं."

वामनभाऊंनी कागद उचलला. दोन्ही हातांत धरून फटीपाशी नेला. खोलीत कूलर बंद होता, पंखा बंद होता, तरी कागदाची वरची कड थरथरत होती. तिचा बारीक फडफड आवाज तिघांनाही ऐकू येत होता. उजवी कड पट्टीला लागली, सुटली, पुन्हा लागली. त्याच क्षणी रोलरनं कागद पकडला. लाल दिवा लागला.

अंकुरनं कागद हळूच ओढून काढला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, हात कोणाला दाखवलाय का?"

"मी तुले मशीन दाखवाले बोलावलं," वामनभाऊ म्हणाले. "हात दाखवाले नाही बोलावलं."

"माझ्या मोठ्या काकांना असंच..."

"तुही बस निघून जाईल."

अंकुरनं अवजारं भरली. शोभाबाईंनी त्याला चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच घेतला आणि निघाला. तो गेल्यावर वामनभाऊ खुर्चीवर बसले आणि हात मांड्यांखाली दाबून घेतले.

शोभाबाई समोरच्या पलंगावर टेकल्या. "मले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासून. कप भरून दिला का बशीत सांडते म्हणून मी अर्धाच भरून देतो न तुमाले. तुमाले वाटलं असंल, हे चहात कंजुषी करून राहिली."

वामनभाऊ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले त्याच्याही आधी मालूम होतं."

आणि मग त्यांनी कधीच न सांगितलेलं सांगितलं. लोधीखेड्याला एक लग्न होतं. वरमाला पडतानाचे सगळे फोटो हललेले निघाले. त्यांना वाटलं, कॅमेऱ्यात बिघाड आहे. पुढच्या लग्नात कॅमेरा दुसऱ्याचा होता, तरी फोटो हललेलेच. लोधीखेड्याच्या लग्नातला मुलीचा बाप भला माणूस होता. तो एवढंच म्हणाला, "राहू द्या जी, मोबाइलवर निघाले हायत आमच्या पोरायजवळ." त्यानंतर वामनभाऊंनी लग्नाचं काम घेतलं नाही, आणि काही महिन्यांतच स्टुडिओ बंद केला.

"मोबाइलनं नाही बंद पडला व," ते म्हणाले. "मोबाइल तर एक बहाणा होता."

शोभाबाईंना हे माहीत नव्हतं. अर्ध्या कपानं आपण त्यांना सांभाळून घेत आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि हा माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून एकटाच हे घेऊन बसला होता. त्या उठल्या, आत गेल्या आणि प्रज्ञाला फोन लावला.

प्रज्ञानं त्यांना नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं चालून दाखवायला सांगितलं, बोटं मिटून-उघडून दाखवायला सांगितलं, कागदावर एक ओळ लिहायला दिली. ओळ पुढे पुढे बारीक होत जाऊन मुंगीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. गोळ्यांनी आराम पडेल. वामनभाऊंनी विचारलं, जाईल काय? डॉक्टर म्हणाले, जाणार नाही, पण आटोक्यात ठेवू. परतीच्या बसमध्ये प्रज्ञानं त्यांचा हात हातात धरला, तर त्यांनी तो सोडवून खिशात घातला.

गोळ्या सुरू झाल्या. हात थोडे निवले, पण कागद निश्चल धरण्याइतके नाही. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती आणि निम्म्या बाया अजून छापायच्या होत्या. वामनभाऊंनी सुताराकडून सागाच्या दोन पट्ट्या आणल्या आणि फटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या बसवल्या. कागद त्यांच्यामधून सोडला की हात हलला तरी कागद हलणार नाही, असा हिशेब होता. पहिला कागद खरंच सरळ गेला. दुसऱ्या वेळी हाताला झटका बसला, कागद पट्टीवर आपटून कोपऱ्यात मुडपला आणि आत जाऊन अडकला. तो काढता काढता फाटला. वामनभाऊंनी दोन्ही पट्ट्या काढल्या आणि अंगणात फेकून दिल्या.

"गुरुजीले सांगा का लॅबमंदी द्या," शोभाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मंग मी लावतो कागद. तुमी सांगा कसा लावाचा."

वामनभाऊंनी कागदाचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

अंगणवाडीतून आल्यावर शोभाबाई हात धुऊन, कोरडे करून मशीनमागे उभ्या राहायच्या. वामनभाऊ बाजूला खुर्चीवर. "उजवी कड लाव. दाबू नको. धरून ठेव. आता सोड." कागद सरळ जायचा. फोटो निघायला लागले. खरं तर दोघांना बरं वाटायला हवं होतं. पण शोभाबाईंचा कागद जितका सरळ जायचा, तितका वामनभाऊंचा आवाज कडक व्हायचा. एकदा शोभाबाईंचा अंगठा फोटोतल्या चेहऱ्याच्या कडेला लागला आणि वामनभाऊ ओरडले, "तोंडाले हात लावते काय? आंधळी हाय काय?"

शोभाबाईंनी कागद खाली ठेवला. "इतके वर्ष झाले," त्या म्हणाल्या, "तुमी माह्याशी असं कधी बोलले नाही."

त्या दोन दिवस मशीनकडे गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून आल्या आणि कागद उचलला. माफी कोणी मागितली नाही. कामापुरतं बोलणं तेवढं उरलं होतं.

शेवटी लीलाबाईचा फोटो राहिला आणि एकच कागद. नवा मागवायला आता वेळ नव्हता. लीलाबाईचा फोटो त्या सगळ्यांत चांगला होता. पस्तिशीची बाई, ओझं ठेवून वळलेली, पापण्यांवर लाल भुकटी, कॅमेरावाल्याला काहीतरी बोलून हसणारी. वामनभाऊंनी तो मुद्दाम मागे ठेवला होता.

"हा मी लावतो," ते म्हणाले.

शोभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, एकच कागद हाय."

"मालूम हाय मले."

"मी लावतो न. कसा लावाचा ते तुमीच तर सांगता."

"एक तरी माह्या हातानं जाऊ दे."

शोभाबाई बाजूला झाल्या. वामनभाऊंनी गोळी घेऊन तासभर वाट पाहिली होती. कोपरं टेबलाला टेकवली, श्वास रोखला, कागद फटीपाशी नेला. हात स्थिर होता. रोलरनं कागद पकडला आणि दिवा लागला नाही. मशीन चालू झाली. पदराचा काठ आला, डोकं आलं, कपाळ आलं. मग कागद हळूहळू एका बाजूला सरकू लागला. इतका कमी की मशीनला कळलं नाही. सरकताना उचललेल्या कडेला शाईचं डोकं घासलं आणि लीलाबाईच्या डोळ्यांवरून, हसण्यावरून काळा जाड पट्टा ओढत गेलं. वामनभाऊंनी बटण दाबायला हात नेला. बोट बटणावर बसेना. शोभाबाईंनी मशीनची वायर ओढली.

तो कागद वामनभाऊंनी स्वतःच बाहेर काढला, गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवला. त्या दिवशी जेवले नाहीत.

बुद्धपौर्णिमेला रामाकोन्याच्या नव्या विहारात गर्दी झाली. वंदना झाली, खीर वाटली. भिंतीवर बायांची रांग लागली होती. लोक आपापल्या आज्या ओळखत होते. एक म्हातारा आपल्या आईच्या फोटोसमोर नुसता उभा होता. गुरुजींनी माइकवर वामनभाऊंचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. हार घालायला पुढे बोलावलं, तेव्हा वामनभाऊंनी मागूनच हात जोडले आणि पटकन खाली केले.

लीलाबाई नातसुनेचा हात धरून भिंतीपाशी आली. पाठीतून वाकलेली, पण नजर शाबूत. "हे सखू. हे आमची गिरजा, किती हासे व ही. हे..." ती एकेकीचं नाव घेत रांगेच्या टोकापर्यंत गेली. तिथून परत पहिल्या फोटोपर्यंत आली. मग तिनं विचारलं, "अन मी कोठी हाय?"

गुरुजी पुढे झाले. "तुहा मागून येऊन राहिला, लीलाबाई."

"नाही," वामनभाऊ म्हणाले. "मावशी, तुमचा माह्या हातानं खराब झाला."

लीलाबाईनं त्यांना ओळखलं. "तू तोच काय रे, कॅमेऱ्यावाला?" तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चमकून वर पाहिलं. "अरे बापा, कसा कापून राहिला तू! ताप आला काय तुले?"

"हो," वामनभाऊ म्हणाले. "थोडासा."

"मंग घरी जाय. पडून राह्य. फोटूचं काय, मी तर जितीच हाय अजून."

पुढे प्रज्ञानं वडिलांना न विचारता तो फोटो नागपूरच्या लॅबमधून छापून आणला, तिथेच फ्रेम करून घेतला. तिघं रामाकोन्याला गेले तेव्हा तो वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून काढला. लॅबवाल्यानं तो चकचकीत कागदावर छापला होता आणि आपल्या मनानं चेहरा साफ केला होता. पापण्यांवरची भुकटी पुसलेली, गाल उजळ.

"माय व!" लीलाबाई खुलली. "मी एवढी गोरी होती काय?"

"होत्या न, मावशी," वामनभाऊ म्हणाले.

तिनं फोटो मांडीवर घेतला, शेजारणींना बोलावून दाखवला, प्रज्ञाच्या तोंडावरून हात फिरवला. परतताना बसमध्ये वामनभाऊ शोभाबाईंना म्हणाले, "तिले पसंत पडला."

"हो."

"मंग झालं तर."

पावसाळ्याच्या तोंडावर मशीन विकली. पांढुर्ण्याला बॅनर छापणारा कुलदीप गाडी घेऊन आला. त्यानं मशीन चालू करून पाहिली, बोलता बोलता एका हातानं कागद मागून सोडला, दुसऱ्या हातात फोन होता. कागद सरळ उतरला. "मस्त हाय न काका," तो म्हणाला. वामनभाऊंनी त्याला रोलर कसे पुसायचे, उन्हाळ्यात कागद कुठे ठेवायचा, कूलर का बंद ठेवायचा, हे सगळं नीट सांगितलं. कुलदीपनं अर्धंमुर्धं ऐकलं.

अजूनही कधी कोणी दारात येऊन विचारतं, फोटो मोठा करून मिळेल काय? वामनभाऊ त्याला पांढुर्ण्याचा पत्ता सांगतात. प्रज्ञाचा फोन आला की "बरा हाय" म्हणतात आणि फोन शोभाबाईंकडे देतात. दुपारी शोभाबाई यायच्या आत दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. त्यात त्यांची अख्खी दुपार जाते. घड्या नीट बसत नाहीत. शोभाबाई त्या पुन्हा घालत नाहीत, तशाच कपाटात ठेवतात आणि सकाळी चुरगळलेली साडी नेसून अंगणवाडीत जातात.